आवाजाची जागा

निवृत्त माणसाने काय करावे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. काय करू नये यावर मात्र कुणी लिहीत नाही. मी लिहायला बसलो तर पहिलेच वाक्य असे घालीन, की त्याने घरात स्पीकर लावायला घेऊ नयेत.

माझे घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत आहे. माळवदाचे, जाड भिंतींचे, उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात कुठेतरी हमखास टिपकणारे. त्याच्या मागल्या अंगाला दहा बाय आठची एक खोली आहे. पूर्वी तिथे धान्याचे बळद होते आणि कोपऱ्यात जाते रोवलेले होते. बळद गेले, जाते गेले, शेणाने सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, आणि आता त्या खोलीला आमच्या घरात 'ऑफिस' म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. सौभाग्यवती 'तुमचं ते ऑफिस' म्हणते. तिथे बसून मी लोकांचे प्रबंध टाईप करतो आणि दिवाळी अंकांची मुद्रिते तपासतो. टेबलावर दोन पडदे आहेत. डावीकडच्यावर मूळ हस्तलिखित, उजवीकडच्यावर माझा मजकूर. आपली चूक आणि दुसऱ्याची चूक अशी शेजारी शेजारी पाहायची सोय पूर्वीच्या पंतोजींना नव्हती.

पुण्याच्या मुलाने नवे स्पीकर घेतले तेव्हा जुने दोन मला पाठवून दिले. विटेएवढे दोन काळे खोके. ते मी दोन पडद्यांच्या मागे, दिसू नयेत अशा बेताने ढकलून ठेवले. कुणी काही बोलू लागले की वाटे, शेजारच्या घरात भांडण चालले आहे आणि आपण भिंतीला कान लावून ऐकतो आहोत. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, बारीक आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. मध्ये पडदा उभा केलात तर तो वळून येत नाही. जाड आवाज तेवढा वळसा घालून येतो. म्हणून ते पडद्यामागचं भांडण ऐकू येतं."

एके काळी पडद्याच्या अगदी जवळ स्पीकर ठेवण्याचीही चोरी होती. जुन्या काचेच्या नळीचा पडदा ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवत असेल : स्पीकरमधल्या लोहचुंबकाने पडद्याचा एक कोपरा हिरवा-जांभळा होऊन बसे. आताच्या चपट्या पडद्यांना ती बाधा होत नाही. असो.

मग मी ते भिंतीतल्या दोन देवळ्यांत ठेवले. जिथे आजोबांच्या काळी दिवे जळत तिथे आता स्पीकर, ही कल्पना मला फार काव्यमय वाटली; पण आवाज असा घुमू लागला की बातम्या सांगणारी बाई रांजणात बसून बोलते आहे असे वाटावे. आमच्या गल्लीत एक मंडपवाले चाचा आहेत. लग्ने, उरूस, सप्ताह, सगळीकडे त्यांचेच कर्णे. त्यांना बोलावले. त्यांनी देवळीकडे पाहून नुसती मान हलवली. "गुरुजी, भिंतीच्या पोटात घातला की ढोल होतो. भिंतीपासून हातभर पुढं काढा. कोपऱ्यात तर बिलकुल नको." शाळेत न शिकलेले ध्वनिशास्त्र चाचांच्या हातात किती आहे हे मला त्या दिवशी कळले. मुलाचे म्हणणे आणि चाचांचे म्हणणे अक्षरशः एक होते. फरक एवढाच, की मुलाच्या म्हणण्यात आकडे होते आणि चाचा चहा घेऊन गेले.

एवढा खटाटोप बातम्यांसाठी कोणी करीत नाही. खरे कारण निराळे होते.

१९८० नंतरच्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी शेकडो बायांच्या आवाजात त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले. १९९६ साली ते आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात झाले. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने २०१७ पासून हा ठेवा सगळ्यांसाठी खुला केला आहे. एका प्रबंधातले संदर्भ पडताळताना मी तो ऐकू लागलो. काम बाजूला राहिले. आणि एकदम आठवले, की आपल्याही घरी एक कॅसेट आहे.

१९८८ च्या दिवाळीत माझ्या मामेभावाने नवा टेपरेकॉर्डर आणला होता. त्याने तो याच खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आईला न सांगता बटण दाबले. आई आणि काकू भाजणीचे दळत होत्या. अकरा मिनिटे. मध्येच कुणीतरी दार लावते, एक कोंबडा ओरडतो, आणि आई ओवी अर्धी टाकून त्याला शिवी देते. आई जाऊन आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. भाच्याने ती कॅसेट संगणकावर उतरवून दिली, आणि मला तो आवाज नीट ऐकायचा होता.

आता थोडे शास्त्र सांगतो. फराळाच्या ताटावर तेवढे चालेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येतो. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि डोक्याची आड पडल्यामुळे तो किंचित मंदही होतो. एवढ्या फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ साली हे मांडले. पुढे १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लमलिन या तरुण अभियंत्याने दोन कर्ण्यांची पद्धत शोधून तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. सांगतात, की सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडे, हे त्याला खटकले होते. (हा गुणी माणूस १९४२ साली, युद्धात रडारची चाचणी चालू असताना, विमान कोसळून गेला. वय अवघे अडतीस.)

यातली गंमत अशी, की दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखाच आवाज सोडला आणि आपण बरोबर मध्ये बसलो, तर तो दोन्हींकडून येत नाही. तो मधून येतो, जिथे काहीच नसते तिथून. गवयाच्या मागे दोन बाजूंना दोन तानपुरे सारखे लागले म्हणजे कधी कधी मध्येच तिसरा वाजतो आहे असा भास होतो, त्यातलाच हा प्रकार. आईची कॅसेट एकाच मायक्रोफोनची होती. म्हणजे सगळे नीट लावले तर आई माझ्यासमोर, दोन पडद्यांच्या मधल्या फटीतून बोलणार होती.

मी कामाला लागलो. मुलाने सांगितले होते : दोन स्पीकर आणि तुमचे डोके, असा समभुज त्रिकोण हवा, तोंडे थोडी आत वळलेली, आणि उंची कानाइतकी. सुतळीला तीन हातांवर गाठी मारून मी त्रिकोण काढला. स्पीकर पडद्यांच्या पुढे, दोन बाजूंना आले. उंचीसाठी दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा एकेक खंड दोन्हींखाली घातला. खंड सारख्या जाडीचे नाहीत. कमी पडला तिथे पंचांग सरकवले. त्यामुळे एखादा शब्द अडला की स्पीकर उतरवा, शब्द पाहा, स्पीकर चढवा, असा व्यायाम सुरू झाला. टेबलावरच्या काचेवर आवाज आपटून कानाशी गोंधळ करीत होता, तिथे टॉवेल अंथरला. समोरच्या भिंतीवर वाकळ टांगली. आईनेच शिवलेली, तिच्याच जुन्या लुगड्यांची. खोलीचा ठणठणाट एकदम बसला.

सगळे झाले, आणि आई मधून येईना. ती डावीकडे सरके. डावीकडच्या पडद्याआड बसल्यासारखी. मी उजवा स्पीकर पुढे घेतला, डावा मागे घेतला, तारा उलटसुलट करून पाहिल्या, खुर्ची हलवली. आठ दिवस हेच. मुलाला फोनवर फैलावर घेतले, की उजवा स्पीकर बिघडलेला पाठवलास. शेवटी सौभाग्यवती वैतागून म्हणाली, "उठा बघू, मी बसते." ती बसली. डोळे मिटून ऐकले. म्हणाली, "अहो, सासूबाई तर अगदी मधोमध आहेत की."

मी पुन्हा बसलो. डावीकडे. ती बसली. मधोमध.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग मी दोन्ही स्पीकरांच्या तारा आपसांत बदलल्या. आई तरीही डावीकडेच. तेव्हा मात्र मी सुतळी गुंडाळून ठेवली.

डॉक्टरांनी कानाला डबी लावून पिपाण्या ऐकवल्या आणि कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. डावीकडची रेघ वयाच्या मानाने बरी. उजवीकडची उतारावरून गाडा सुटावा तशी. "कधीपासून कमी येतंय?" त्यांनी विचारले. मला काय ठाऊक! वर्गात मागच्या बाकावरची मुले शेवटच्या काही वर्षांत फार पुटपुटतात असे मी सगळ्यांना सांगत असे. त्यातल्या दोघांना तर मोठ्याने बोल म्हणून बाकावर उभेही केले होते. त्यांची तोंडे आता आठवतात. ती खिडकीच्या रांगेला बसत. खिडक्या माझ्या उजव्या हाताला होत्या.

यंत्राला दोष देताना मला फार हुशारी वाटत होती. स्वतःच्या कानाची शंका आठ दिवसांत एकदाही आली नाही, याची लाज अजून गेली नाही.

संगणकात तोल बदलायची सोय असते. उजवीकडचा आवाज वाढवला की आई माझ्यापुरती मध्ये येई. पण मग सौभाग्यवतीच्या लेखी ती उजवीकडच्या खिडकीत जाऊन बसे. एका खोलीत दोघांना एकच आई एका जागी भेटेना.

भाऊबीजेला अक्का आली. परळीहून, एस.टी.ने, ऐंशीच्या घरात असून एकटी. ओवाळणे झाल्यावर मी तिला मोठ्या दिमाखात ऑफिसात नेले, तोल सारखा केला, खुर्चीत बसवले आणि कॅसेट लावली. अक्काने दोन ओव्या ऐकल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळू, आई काय टेबलावर बसून दळीत होती का रे?"

मी म्हणालो, "कानाच्या उंचीला ठेवायचे असतात, अक्का."

"आगं बया! आईचा आवाज कायम खालून यायचा. आपण वाकळीत पडलेलो असायचो, अन् ती भुईला." तिने कोपऱ्याकडे बोट केले. तिथली एक फरशी निराळ्या रंगाची आहे. जाते उपटल्यावर खळी बुजवून बसवलेली. "तिथं ठेव. आई दाराकडं तोंड करून बसायची, काकू भिंतीकडून."

तार पुरेना. चाचांकडून दोन वार तार आणून सांधली, एकच स्पीकर त्या फरशीवर ठेवला, दुसरा काढून टाकला. कोपऱ्यात ठेवू नका असे ज्यांनी बजावले होते त्या चाचांनीच तो भिंतीला टेकवला आणि काही बोलले नाहीत. जात्याची घरघर भिंतींतून, फरशीतून भरून आली; देवळीत जी नकोशी झाली होती तीच. अक्का खाली वाकळ टाकून आडवी झाली. मी तिच्याशेजारी, डावा कान कोपऱ्याकडे करून. सौभाग्यवती चिवड्याच्या ताटल्या घेऊन आली ती दारातच उंबऱ्यावर टेकली, टेपरेकॉर्डर होता तिथेच.

कोंबडा ओरडला. आईने शिवी दिली. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी आणायला उठावे लागल्यामुळे पुढची ओवी त्या दिवशी मी ऐकलीच नाही.