जुन्या तेलाचा हिशेब

सायकलची उतरलेली साखळी तुम्ही कधीतरी स्वतः बसवली असेल. हात काळे होतात, पण चाक पुन्हा फिरू लागले की मनाला किती बरे वाटते! मोटारीच्या इंजिनाचे तेल घरी बदलताना मला तसाच आनंद मिळतो. त्या कामाविषयी आज तुम्हांला सांगणार आहे.

माझ्याकडे एक जुनी मारुती ८०० आहे. ही छोटी गाडी आपल्या देशात १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. माझी गाडी म्हातारी झाली, तरी तिचे इंजिन अजून ठणठणीत आहे. वेळेवर तेल बदलले, म्हणून ते टिकले.

इंजिनाला तेल कशासाठी लागते? आमचे मालेगाव हे यंत्रमागांचे गाव आहे. मागाला तेल दिले नाही, तर त्याचे भाग एकमेकांवर घासून झिजतात, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर आतला प्रत्येक दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. इतक्या वेगाने धातूवर धातू घासला, तर इंजिन थोड्याच वेळात जाम होईल. तेलाचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तेल उष्णता वाहून नेते. आतली काजळी आणि धातूचे बारीक कण ते स्वतःत सामावून घेते. म्हणूनच ते काळे पडते. काळे दिसते म्हणून लगेच त्याला वाईट म्हणू नका. ते त्याच्या कामाचे चिन्ह आहे! पण हळूहळू त्याची ताकद संपते. मग ते बदलावे लागते. किती किलोमीटरनंतर बदलायचे आणि कोणत्या प्रतीचे तेल घालायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

तेल गाळण्यासाठी एक फिल्टर असतो. बाहेरून तो पत्र्याचा लहानसा डबा दिसतो. आत घड्या घातलेला जाड कागद असतो. तेल त्या कागदातून गाळून पुढे जाते. कागद घाणीने तुंबला, तर एक छोटी झडप उघडते आणि न गाळलेले तेल इंजिनाकडे जाते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा मळके तेल बरे, असा त्यामागचा विचार आहे. नवे तेल घालून जुना फिल्टर तसाच ठेवणे म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालणे होय.

हे काम मी एका मिस्त्रींकडून शिकलो. सारे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. हा शब्द तुमच्या उर्दूतला. पण मराठी माणसाच्या गॅरेजातही तो तितक्याच आदराने उच्चारला जातो.

आता काम कसे करतात ते पाहा. मात्र घरातील जाणत्या मोठ्या माणसाशिवाय याला हात लावू नका. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलावी लागली, तर तिच्याखाली मजबूत लोखंडी स्टँड ठेवावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक सरकला, तर जीव जाऊ शकतो.

इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होते आणि चटकन वाहते. पण ते हात भाजेल इतके गरम नको. हातमोजे घालावेत. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. मिस्त्री तिला ‘चेंबर’ म्हणतात. तिच्याखाली पसरट घमेले ठेवून तळाचा नट पान्याने सोडवावा. काळी धार घमेल्यात पडू लागते. ती थेंबाथेंबावर येईपर्यंत घाई करू नये.

मग जुना फिल्टर काढावा. त्याची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते पाहावे. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने थोडे नवे तेल लावावे आणि तो हातानेच घट्ट बसवावा. तळाचा नट नवा वॉशर घालून परत लावावा. फार जोर केला तर आटे जातात. ‘ताकद हातात असते, पण अंदाज डोक्यात असावा लागतो,’ असे उस्ताद म्हणत.

नंतर नरसाळ्याने नवे तेल ओतावे. इंजिन थोडा वेळ चालवावे. तेलाचा लाल दिवा विझला का आणि खाली कोठे गळती आहे का, ते पाहावे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी मोजपट्टी बाहेर काढावी. तेल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवे.

काम संपले, असे तुम्हांला वाटेल. उस्ताद मात्र इथेच विचारत, ‘जुने तेल कुठे गेले?’

हा प्रश्न साधा नाही. पुष्कळ लोक ते गटारात ओततात. आमच्याकडची गटारे मोसम नदीकडे जातात. मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळून समुद्राला जाते. अंगणात ओतलेल्या घमेलाभर तेलाचा प्रवास किती लांब होऊ शकतो, पाहा! पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की हवेतला प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नाही. मासे गुदमरतात. जमिनीत मुरलेले तेल विहिरीचे पाणी नासवते.

२०१६ च्या सरकारी नियमांनी वापरलेल्या तेलाला घातक कचरा ठरवले आहे. पण हेच तेल परवानाधारक कारखान्यात पुन्हा शुद्ध करता येते. म्हणून मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरतो. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू देत नाही, कारण मग ते शुद्ध करणे कठीण जाते. जुना फिल्टरही निथळवून पिशवीत ठेवतो. ज्या गॅरेजातून असे तेल परवानाधारक कारखान्याकडे जाते, तिथे दोन्ही पोहोचवतो.

माझ्या गाडीची एक वही आहे. तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात किलोमीटर. पहिले दोन रकाने माझ्या गाडीसाठी आहेत. तिसरा गावासाठी आहे. त्यात मी लिहितो, ‘जुने तेल पोहोचवले.’ तो रकाना भरेपर्यंत मी काम झाले असे म्हणत नाही.