काकूंच्या लॅपटॉपला नवी डिस्क

सातारा, रविवार दुपार

प्रिय मेधा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज भाजी निवडता निवडता ऐकला. मागे तुमच्या हानोव्हरच्या ट्रामची घंटा इतकी छान वाजत होती की निम्मं बोलणं पुन्हा ऐकावं लागलं. प्रश्न कळला. काकूंचा लॅपटॉप रडतोय, नवा घ्यावा की त्यातच स्वस्तातली एसएसडी बसवावी, आणि खोक्यावर ५५० एमबी प्रति सेकंद असं छापतात ते खरं असतं का?

आधी उत्तर देते, मग गप्पा. एसएसडी बसव, नवा लॅपटॉप घेऊ नकोस. आणि खोक्यावरचा आकडा खरा असतो, फक्त काकूंच्या काही उपयोगाचा नसतो.

गुरुवारी कॉलेजातून येताना त्यांच्याकडे डोकावले होते. लॅपटॉप सुरू करून त्या चहा टाकायला आत गेल्या. चहा उकळला, गाळला, माझ्या हातात आला, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच होतं. मी काही म्हणायच्या आत काकूच म्हणाल्या, ‘‘अगं, विचार करतोय तो, करू दे.’’ टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि सीपीयू बिचारा निवांत बसलेला. पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे गं तो, भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, सोसायटीचा हिशेब आणि तुझ्याशी व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी अजून पुष्कळ झाला. खोडा घातलाय तो आतल्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कने.

आता थोडं गणित, तुला आवडतं म्हणून. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. त्याआधी ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला बाराएक. असे सतरा-अठरा मिलिसेकंद प्रत्येक तुकड्यामागे गेले, तर सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना नेमके असेच हजारो बारके तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. चार-चार केबीचे ६० तुकडे म्हणजे सेकंदाला २४० केबी! डायल-अपचे दिवस आठवले ना?

स्वस्तातल्या स्वस्त एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोच तुकडा ती मिलिसेकंदाच्या एक दशांशात किंवा त्याच्या आसपास देते. एकेक करून असे तुकडे मागितले तर सेकंदाला वीस-तीस एमबी निघतात. म्हणजे जिथे ५५० छापलंय, तिथे रोजच्या कामात वीस-तीस! पण २४० केबीच्या जागी वीस एमबी म्हणजे ऐंशीपटीहून जास्त, आणि माणसाला जाणवतो तो हा फरक. ५५० हा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचताना येतो. साटा थ्रीची तारच तेवढी नेऊ शकते, त्यामुळे महागडी डिस्क असो की स्वस्त, खोक्यावर सगळ्यांचा आकडा जवळपास सारखाच.

दुकानदार तोच आकडा दाखवतो. क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं जपानी सॉफ्टवेअर चालवतो, वरच्या ओळीत साडेपाचशेच्या घरातला आकडा झळकतो आणि गिऱ्हाईक खूश. त्यात खोटं काही नसतं. पण ती चाचणी मूळ सेटिंगवर फक्त एक जीबीची फाइल वापरते, आणि एक जीबीत कुठलीच स्वस्त डिस्क उघडी पडत नाही.

उघडी कधी पडते ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. नॅन्ड फ्लॅशच्या एका पेशीत एकच बिट ठेवला तर लिहिणं झपाट्याने होतं. तीन ठेवले की टीएलसी, चार ठेवले की क्यूएलसी. जितके जास्त कोंबाल तितकी डिस्क स्वस्त, आणि तितकंच लिहिणं संथ. म्हणून कंपन्या युक्ती करतात. काही भाग एका बिटाने भराभर लिहायला राखून ठेवतात आणि मागाहून, डिस्कला काही काम नसताना, तोच माल दाबून चार बिटांत बसवतात. मंडईतून आणलेली भाजी आधी ओट्यावर ओतायची आणि सवडीने निवडून डब्यांत भरायची, तसं. चार पिशव्यांपर्यंत काही वाटत नाही. लग्नघराची भाजी आली की ओटा भरतो, आणि मग दारात उभं राहूनच एकेक जुडी निवडत बसावं लागतं.

हे काही मी मनाचं सांगत नाही. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओच्या माहितीपत्रकात स्वतःच छापलंय की एक टीबीच्या डिस्कमध्ये असा ओटा जास्तीत जास्त ४२ जीबीचा, आणि तो संपला की लिहिण्याचा वेग ८० एमबी. काकूंची म्हातारी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना शंभराच्या जवळ जाते! म्हणजे एका विशिष्ट कामात नवी एसएसडी जुन्या चकतीहून मागे पडते. कंपनीने निदान छापलं तरी. बिननावाच्या डिस्कांच्या खोक्यावर ‘अल्ट्रा’ आणि ‘टर्बो’ यापलीकडे काही नसतं.

आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरला हा झटका बसला. त्याने लग्नाच्या सीझनच्या तोंडावर अशीच एक डिस्क लॅपटॉपमध्ये घालून घेतली. एका एक्स्टर्नल एसएसडीवरून शूटिंग आत ओतायला लागला, की विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतला तो हिरवा डोंगर सुरुवातीला ताठ उभा, आणि मग एकदम कडा कोसळल्यासारखा तळाला. ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून माझ्याकडे आला. खराब नव्हती. भरली होती, सी ड्राइव्हची पट्टी लालभडक! आणि अनेक स्वस्त डिस्कांत तो ओटा मोकळ्या जागेतूनच काढलेला असतो. जागा संपत आली की ओटाही आखडतो. मोठ्या फाइली बाहेर हलवून पाव डिस्क मोकळी करून दिली, तर पुष्कळ सुधारली. तरी एका दमात शंभर जीबी ओतायचं काम तिचं नाही, हे त्यालाही पटलं.

काकू असं कधी करणार आहेत का? त्यांची सगळ्यात मोठी कॉपी म्हणजे पेनड्राइव्हवरून घेतलेली हरिपाठाची रेकॉर्डिंग. तो पेनड्राइव्हच इतका मंद आहे की डिस्कची परीक्षा व्हायचीच नाही. म्हणून म्हणते, स्वस्त डिस्क त्यांना बरोबर आहे, आणि फोटोग्राफरला नाही. माझ्या लॅबमधल्या मुलांना हेच समजत नाही. ती एकमेकांना बेंचमार्कचे स्क्रीनशॉट पाठवत बसतात.

टिकेल का, हेही विचारलं होतंस. २४० जीबीच्या साध्या डिस्कवर कंपन्या बहुधा ८० टीबी लिहिण्याची हमी देतात. काकूंचं आणि विंडोजचं मिळून रोजचं लिखाण दहा जीबी धर, तरी ८००० दिवस झाले, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं. लिहून लिहून ती झिजणार नाही. मरेल ती दुसऱ्याच कशाने तरी, आणि एसएसडीचं मरण वाईट. हार्ड डिस्क आधी कटकट करते, कुरकुरते, माणसाला सावध करते. एसएसडी काल होती, आज बायोसमध्येच दिसत नाही, आणि आतला डेटा परत मिळवणं अवघड. आमच्या स्टाफमधल्या एका मॅडमची पीएचडीची प्रकरणं अशी गेली. ब्रँडचं नाव विचारू नकोस, कुठल्याही ब्रँडचं असं होऊ शकतं.

त्यातून काकूंची बॅटरी मेलेली आहे हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. इथे लाइट जाते तेव्हा तो क्षणात बंद. सर्व्हरच्या डिस्कांत अशा वेळी हातातलं लिखाण पुरं करायला कपॅसिटर असतात, स्वस्त डिस्कांत नसतात. कुठे काय ठेवलंय याचा नकाशा अर्धवट लिहिला गेला तर डिस्क गोंधळते. म्हणून डिस्कबरोबर बॅटरीही घेऊ. माझ्या मते हा खर्च डिस्कच्या मॉडेलवर वाद घालण्यापेक्षा जास्त कामाचा. आणि रॅम चारची आठ करू, नाहीतर क्रोम उघडला की विंडोज डिस्कलाच रॅम समजून वापरत बसतं.

मॉडेलवर वाद घालून फारसं हाती लागतही नाही. तेच नाव, तेच खोकं, आणि आत वेगळाच माल, असं मोठमोठ्या कंपन्यांनी केलंय. २०२१ मध्ये क्रुशियलच्या पी-टूमध्ये टीएलसीच्या जागी गुपचूप क्यूएलसी आली, आणि त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन-५५० चं आतलं फ्लॅश बदलून, ओटा भरल्यावरचा वेग खाली आला. परीक्षण वाचून घेतलेली डिस्क परीक्षणातलीच असेल असं नाही. मी आता एवढंच बघते: नावाजलेली कंपनी, वॉरंटी, पक्कं बिल, आणि गरजेपेक्षा एक पायरी मोठी क्षमता. काकूंना २४० पुरेल, पण ४८० घेऊ. जागा मोकळी राहिली की निम्मे आजार होतच नाहीत.

तिकडून ‘१६ टीबी, फारच स्वस्त’ असली काही वस्तू मात्र पाठवू नकोस. तसल्या डब्यांत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं, आणि आकडा खोटा लिहिलेला असतो. त्यांचं पितळ उघडं पाडणारा एचटू-टेस्ट-डब्ल्यू हा प्रोग्राम तुमच्याच गावातून निघणाऱ्या ‘सी-टी’ मासिकाचा आहे. मी लॅबमध्ये पोरांच्या पेनड्राइव्हवर तो चालवते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपबद्दल दोनच वाक्यं. तुझी एनव्हीएमई आहे, स्वतःची डीरॅम नसली तरी ती लॅपटॉपच्या रॅममधून थोडी उसनी घेते, त्यामुळे तुझ्या ऑफिसच्या कामाला काही कमी पडत नाही. खोक्यावर ३५०० एमबीऐवजी ७००० छापलेली घेतलीस तर एक्सेल काही लवकर उघडणार नाही.

बसवण्याचं काम मी करते. मागचं झाकण, चार स्क्रू, कॅडी काढायची, नवी सरकवायची. नवी सात मिलिमीटरची, जुनी साडेनऊची, म्हणून वर प्लास्टिकची चौकट चिकटवावी लागते, नाहीतर आत खुळखुळते. एकदा सहज अशी एसएसडी उघडून बघितली होती. सगळं सर्किट एका कोपऱ्यात, बिस्किटाएवढं, बाकी नुसती हवा! जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी काकूंनाच देऊ. हरिपाठ दोन ठिकाणी असू दे. एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायला बरी नाही, त्या कामाला जुनी चकतीच चांगली.

विंडोज टेनच्या मोफत अपडेट्सचा प्रश्न आहेच. त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि हा लॅपटॉप इलेव्हनच्या नियमांत बसत नाही. मी लिनक्स मिंट सुचवलं. काकूंनी विचारलं, ‘‘त्यात मराठी टाइप होतं का?’’ होतं म्हटल्यावर तयार झाल्या. तुझ्यापेक्षा लवकर, हे नमूद करते.

तेव्हा पैसे पाठव, किंवा दिवाळीला येशील तेव्हा दे. एक काम मात्र तुलाच करावं लागेल. काकूंचा पासवर्ड मला हवाय आणि त्या मला सांगायला तयार नाहीत. ‘‘मेधाला विचारून सांगते’’ म्हणाल्या.

तुझी,
नीलू