फोर बाय फोर? चारपैकी दोनच चाकं!

आपलं शहर गाड्यांचं आहे, हे आपण जाम विसरतो. बाहेरून कुणी आलं की आपण त्याला वेरूळ दाखवतो, बीबी का मकबरा दाखवतो, रात्री नान खलिया खिलवतो आणि टाटा करतो. पण १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा प्लांट आला, तिथून निघालेल्या रिक्षा देशभर धावल्या. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार व्हायला लागली, मग ऑडी आली. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटानेही संभाजीनगरात कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. कॅनॉटला संध्याकाळी कॉफी प्यायला बसा, एका तरी टेबलावर ब्रेक, सस्पेन्शन नाहीतर शिफ्ट इनचार्जची खरडपट्टी चालू असते.

आणि याच शहरातून पन्नास-साठ किलोमीटरवर, जूनचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की चार महिने चारचाकी उभीच राहते. कारण एकच, काळी माती.

बेसॉल्टचा दगड झिजून झालेली ही माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी प्यायली की ती फुगते. कपाशीला, मक्याला झकास; चाकाला मात्र जहर. ती टायरच्या नक्षीत घुसते आणि दोन-तीन फेऱ्यांत चाकाचा अक्षरशः लाडू करते. मग लाखभर रुपयांचे मड टायर असोत की रिक्षाचे, मातीच्या लेखी दोन्ही गुळगुळीत.

माझा एक मित्र सोमवार ते शुक्रवार शेंद्र्यात क्वालिटी बघतो आणि वीकेंडला कन्नड तालुक्यातल्या शेतावर असतो. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत दीड किलोमीटर पाणंद, मध्ये एक ओढा. दोन वर्षांपूर्वी भर पावसात त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी आत येऊ शकत नव्हती. चौघांनी बाजेवर टाकून त्यांना डांबरीपर्यंत आणलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, काका वाचले. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्येच मित्राने ठरवलं, गोठ्यात कोंबड्या बसायच्या ती जुनी महिंद्रा एमएम ५४० उभी करायची.

ती काकांनीच तरुणपणी सेकंडहँड घेतलेली. प्युजोचं डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचा हुड, पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड नाहीत. फोर बाय फोर आहे ना, मग प्रश्न काय? मलाही तसंच वाटायचं.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं आहे. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवतात, म्हणजे दोघं आपापल्या वेगाने फिरू शकतात. आपल्या वाळूजच्या रिक्षालाही तो असतो. गोची अशी की साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतो. दोघांनी मिळून तिजोरी उचलायची आहे असं समजा. एकाने हात ढिले सोडले की दुसरा पैलवान असला तरी तिजोरी जागेवरच. एक चाक चिखलात गरगरतं, त्याला जोर लागतच नाही, म्हणून पलीकडच्या कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य. फोर बाय फोरमध्ये असे दोन डिफरन्शियल, पुढे एक, मागे एक. पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की खेळ खलास. कागदावर चार चाकं, कामाला एकही नाही!

ट्रॅक्टरवाल्यांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं, आणि डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेकही वेगळे. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मिळतो. थारच्या वरच्या मॉडेलला मागे आपोआप लागणारा लॉक असतो. कोडियाकसारख्या गाडीत कॉम्प्युटर घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक स्वतःच दाबतो. आणि या सगळ्यांच्या मधला एक पर्याय आहे, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. शॉर्टमध्ये एलएसडी (भलतं काही मनात आणू नका). तो चाकांना पूर्ण बांधत नाही, पण एकाने फारच मस्ती केली की जोर दुसऱ्याकडे वळवतो.

मित्राने तो पुढच्या एक्सलमध्ये टाकायचं ठरवलं, आणि इथेच वादाला तोंड फुटलं.

रोशन गेटकडच्या एका गल्लीत जुन्या जीपांचं काम करणारे उस्ताद आहेत. पानाचा तोबरा सांभाळत त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, ‘‘पुढे नक्को मियाँ, पहले पीछे डालते.’’ त्यांचं चूक नव्हतं. चढावर वजन मागे जातं, म्हणून जगभरचे जीपवाले आधी मागचा एक्सल बघतात. पुढे काही छेडछाड केली की स्टिअरिंग जड होतं, कारण दोन्ही चाकांना एकत्र फिरायचं असतं आणि तुम्हाला वळायचं असतं. वर, एकाच चाकाकडे जास्त जोर गेला की वळणाच्या जागचा क्रॉस नाहीतर हाफ शाफ्ट तुटायची भीती. स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबणाऱ्यांची जीप उस्तादांकडे टोचन करूनच येते.

पण मित्राची पाणंद एका अंगाला नालीकडे उतरती आहे. अशा आडव्या उतारावर मागची दोन्ही चाकं एकदम घसरली की गाडीचं बूड खाली सरकतं आणि जीप नालीत आडवी. पुढून ओढलं तर तोंड तरी वाटेवर राहतं, असा त्याचा हिशेब. म्हणून पुढे, आणि त्यातही गिअरवाला एलएसडी. प्लेटांचा एलएसडी सतत थोडा धरून बसतो, स्टिअरिंगशी भांडतो, प्लेटा झिजतात, ऑइलमध्ये वेगळं अ‍ॅडिटिव्ह लागतं. गिअरवाला जोर लागेपर्यंत गप्प असतो. हब फ्री केले की डांबरीवर तो आहे हेही कळत नाही. क्राऊन-पिनियन उघडून, शिमा लावून उस्तादांनी काम चोख केलं. बिल मित्राच्या महिन्याच्या पगाराला पुरून उरलं.

श्रावणातल्या एका शनिवारी मी मागच्या बाकावर होते. सोमवारी काकांचा सहा महिन्यांचा चेकअप होता आणि दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर होता, पण स्टेंटवाल्या माणसाला मडगार्डवर बसवून दीड किलोमीटर हादरवायचं, हे मित्राला मान्य नव्हतं.

जाताना रस्ता मात्र सुंदर. मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबादच्या तटबंदीच्या दरवाजातून एकेक गाडी सरकते तो मजेशीर ट्रॅफिक जॅम. घाट चढला की खुलताबाद. इथे औरंगजेबाची साधी, उघड्या आभाळाखालची कबर आहे आणि ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं शहर वसवलं, त्या मलिक अंबरचा मकबराही. तिकडे फार कुणी फिरकत नाही, हे मला दर वेळी खटकतं. उजवीकडे म्हैसमाळचा फाटा, ढगात बुडालेला. वेरूळला लेण्यांवरून धबधबा कोसळत होता आणि समोर सेल्फीवाल्यांची जत्रा.

कन्नडच्या अलीकडे डांबर सुटलं. मित्राने उतरून दोन्ही हब लॉक केले, मग टायरची हवा तीसवरून अठरावर आणली. ‘‘एलएसडी नंतर, आधी हवा,’’ तो म्हणाला. फुकटातला सगळ्यात मोठा उपाय हाच. टायर पसरतं आणि मातीवर जास्त टेकतं. डांबरीवर आल्यावर परत भरायची मात्र, विसरायचं नाही.

आत जाताना जीप नुसती चालत गेली म्हटलं तरी चालेल. लो गिअर, माणसाच्या चालीचा स्पीड. डावं चाक गरगरायला लागलं की पुढून हलकासा हिसका यायचा आणि उजवं चाक ओढून घ्यायचं. मागचं एक चाक फुकट फिरत होतं, पण अशा जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे पुढच्याचा वाटा कुठे जात नाही. मित्राच्या दंडाच्या शिरा मात्र ताणलेल्या. स्टिअरिंग खरंच जड होतं.

‘‘पोरी, येवढ्या पानकळ्यात कशाला आली?’’ काकांनी वस्तीवर विचारलं. चहा झाला, अद्रकाचं शेत बघून झालं (पाणी साचलं तर कंद सडतात, त्या काळजीत ते चेकअप विसरलेच होते), आणि चारच्या सुमाराला काका पुढच्या सीटवर बसून आम्ही निघालो.

ओढ्याचं पाणी सकाळपेक्षा वाढलेलं, अर्ध्या चाकापर्यंत. पलीकडच्या काठावर बैलगाड्यांनी पाडलेली तिरकी चाकोरी. जीप पाण्यातून निघाली, वर चढायला लागली, आणि पुढचं डावं चाक चाकोरीवर चढून हवेत उचललं गेलं. नुसतं भिरभिरायला लागलं. गाडी थांबली.

एलएसडीची मर्यादा इथे कळते. गिअरवाला एलएसडी घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतोय, त्याच्या साधारण अडीच-तीन पट दुसऱ्याला देतो. चिखलातल्या चाकाला थोडा तरी जोर लागतो, म्हणून भागतं. हवेतल्या चाकाला काहीच लागत नाही, आणि शून्याचे तीनपट शून्यच! उपाय गमतीशीर आहे. चढताना ब्रेक दाबायचा. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, डाव्या पायाने ब्रेक किंचित. हवेतल्या चाकाला ब्रेकचा अडथळा मिळतो, तेवढ्यावर एलएसडी जागा होतो.

मित्राने दाबला. काहीच नाही. चाक तसंच भिरभिरतंय, आणि मागून जीप नालीच्या बाजूला बोटभर सरकल्याचं मला स्पष्ट जाणवलं. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीच्या दांडीला धरून शांत होते.

‘‘बिरेक वल्ले हायेत,’’ ते म्हणाले. ‘‘दाबूनच धर. तापू दे.’’

जुनी जीप, ड्रम ब्रेक, आत्ताच पाण्यातून आलेले. ओल्या लायनिंगला पकडच नाही. मित्राने पाय तसाच धरला, इंजिन गुरगुरत ठेवलं. पाच सेकंद, दहा सेकंद. चाकाचा भिरभिराट हळू झाला, खालून घर्रर्र असा दळल्यासारखा आवाज आला, आणि उजव्या चाकाने काठ चावला. जीप एका दमात वर.

हे वाचून कुणाला शनिवारी चिखल खेळायची सुरसुरी आली असेल, तर एक विनंती. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वाट सोडायची नाही. आणि कुणाच्या बांधावरून गाडी घालायची नाही. पावसात फुटलेला बांध घालायला शेतकऱ्याचे दिवस जातात. म्हैसमाळला डांबर आहे, तुमची हॅचबॅक मजेत जाईल.

डांबरीवर येऊन मित्र हब फ्री करायला उतरला. काकांनी खिडकीतून विचारलं, ‘‘त्या पुढच्या डब्याला किती लागले?’’

त्याने आकडा सांगितला.

‘‘तेवढ्यात पाणंदीवर मुरूम पडला असता.’’

‘‘एका पानकळ्यात मातीनं गिळला असता, दादा.’’

‘‘मग दुसऱ्या वर्षी अजून टाकला असता. माणसं चालली असती त्यावरून. शाळेतली पोरं गेली असती. ह्यात किती बसतेत? आपण तिघं.’’

मित्र काही बोलला नाही. पंप काढला आणि टायरमध्ये हवा भरत बसला. चारही टायर तीसला यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात शेजारच्या वस्तीवरची एक बाई बाळाला छातीशी धरून, हातात चपला घेऊन पाणंदीतून बाहेर आली. काकांनी तिला हाक मारून मागे माझ्याशेजारी बसवलं. कन्नडच्या दवाखान्यापर्यंत.