बारवेची वर्गणी

कमानीला, रंगाला, नावाच्या फरशीला पैसे लगेच मिळतात. गाळ उपसायलाही मिळतात, कारण भरलेल्या ट्रॉल्या जाताना सगळ्या गावाला दिसतात. पण म्हाताऱ्या बायकांजवळ बसून त्यांना बारवेबद्दल जे ठाऊक आहे ते लिहून घ्यायचंय आणि त्यालाही खर्च आहे, असं म्हटलं की माणूस विषय बदलतो. आमच्या बारवेचं काम निघालं तेव्हा मी गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होते. वर्गणीच्या हिशेबाची वही माझ्याकडे होती, त्यामुळे कुणी कशासाठी पैसे दिले हे मी जवळून पाहिलं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. मराठवाड्यात यादवकाळातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारवा गावोगाव आहेत, त्यांतलीच ही एक. काळ्या दगडाची, चारही दिशांनी उतरायला पायऱ्या. जुन्या शिल्पग्रंथांत एका वाटेच्या बारवेला नंदा म्हणतात, दोन वाटांच्या बारवेला भद्रा, तीनला जया आणि चारला विजया. आमची विजया. भिंतींत देवकोष्ठं आहेत. दगड एकमेकांत असे बसवलेत की मध्ये चुना नाही. नळयोजना आली, शेतोशेती बोअर झाले, तसं बारवेकडे कुणाचं जाणं राहिलं नाही. वरून माती आली, कचरा आला, सांध्यांत पिंपळ रुजले. राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत अशा बारवांपैकी फार थोड्या आहेत. आमची नाही. म्हणजे सरकारी निधी आपोआप येणार नव्हता. ग्रामसभेत ठराव झाला आणि पावतीपुस्तकं छापली.

पहिले पैसे गावातूनच आले. कुणी एक्कावन्न, कुणी एकशे एक. चाकणला कंपनीत कामाला असलेल्या पोरांनी आपसांत गोळा करून मोठी रक्कम पाठवली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ट्रॅक्टर दिला, डिझेल दिलं, एकेक दिवस अंगमेहनत दिली. तीही रुपयांत मांडून वर्गणीच्या पानावर लिहायची, असा मी आग्रह धरला. दिवसभर डोक्यावरून गाळाची पाटी वाहणाऱ्या माणसाचं नाव देणगीदारांच्या यादीत नसावं, हे मला पटत नव्हतं.

गाळाला हात लावण्याआधी महिनाभर आम्ही नोंदी केल्या. या महिन्यावरून गावात बरीच कुरकुर झाली. पण मी आजही म्हणेन की सगळ्या खर्चात तोच खर्च सर्वांत मोलाचा ठरला. साधनं म्हणजे एक फोन, एक वही आणि टंकलेखन करणारा एक मुलगा. खरा खर्च होता तो बायकांच्या रोजाचा. आमच्याकडच्या साठी-सत्तरीच्या बायकाही खुरपायला जातात. अर्धा दिवस आमच्यापाशी बसल्या की त्यांचा रोज बुडतो. तो भरून दिला पाहिजे, असं मी मांडलं. समितीतले एक अण्णा म्हणाले, "बाई, गप्पांचे पैसे कुठं असतात का?" मी म्हटलं, "अण्णा, आपण पाथरवटाला पैसे देणार ना? त्याला दगड कळतो म्हणून. यांना पाणी कळतं." अण्णांनी मान्य केलं आणि पुढे स्वतः ऐकायला येऊन बसू लागले.

बायकांनी खूप सांगितलं. बाळंतीण सव्वा महिन्यानंतर बारवेची पूजा करायला कुठल्या वाटेनं उतरायची, लग्नाआधी पाणी कोण आणायचं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर रात्री तळाशी बसून वाटीनं पाणी भरताना किती वेळ लागायचा. एकीनं सांगितलं, पूर्वेच्या अंगाला, तळापासून तिसऱ्या टप्प्यावर साती आसरा आहेत. तेव्हा तिथं सगळी मातीच होती. दुसरीनं सांगितलं, पाणी तळातून कमी आणि उत्तरेच्या कोपऱ्यातल्या दगडांच्या फटींतून जास्त यायचं. उन्हाळ्यात तिथं हात लावला तरी गार लागायचं.

या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडल्या. पूर्वेचा गाळ जेसीबीऐवजी माणसांनी काढला आणि शेंदराचे पुट चढलेले सात तांदळे जागच्या जागी सापडले. उत्तरेच्या कोपऱ्याचं तर त्याहून मोठं काम झालं. एका कंपनीकडे आम्ही सामाजिक दायित्व निधीसाठी अर्ज केला होता. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत वारसास्थळांचं जतनही आहे. आमची समिती नोंदणीकृत नव्हती, म्हणून तालुक्यातल्या एका न्यासामार्फत अर्ज गेला. कंपनीचे लोक आले, आपुलकीनं बोलले. त्यांच्या अंदाजपत्रकात मात्र आतल्या सगळ्या सांध्यांना सिमेंट भरायचं होतं, काठावर फरशी होती आणि मोठा फलक होता.

दगडांचे सांधे कोरडे ठेवलेत ते आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी पाझरून आत यावं म्हणून. तिथं सिमेंट भरलं तर पाझर कोंडतो, भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत पोटातून फुगते. आम्ही त्यांना उत्तरेच्या कोपऱ्याशी नेलं आणि त्या बाईंचं बोलणं फोनवर ऐकवलं. सिमेंट रद्द झालं. सुटलेले दगड पाथरवटांनी घडवून पुन्हा बसवले, पिंपळाची मुळं न ओढता थोडी थोडी कापून काढली. यात वेळ जास्त गेला आणि मजुरीही. नोंदींचा खर्च मात्र कंपनीच्या चौकटीत बसला नाही, तो गावच्या वर्गणीतूनच झाला.

माहितीफलकावर काय लिहायचं यावर सगळ्यात कठीण बैठक झाली. नोंदींत बौद्ध वस्तीतल्या एका आजींचं बोलणं होतं: "आमी वर हुबं राहायचो. कुनी वाढलं तर घागर भरायची, न्हाई तर रिकामी घ्यून जायची." महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. आजी सांगत होत्या ते त्यानंतर कितीतरी वर्षांनीचं, त्यांच्या स्वतःच्या लहानपणचं. बैठकीत काहीजण म्हणाले, चांगल्या कामात हे कशाला? मला वाटतं, बारव सगळ्या गावाची म्हणून वर्गणी घेतली असेल तर वर उभं राहिलेल्या बायकांचीही ती बारव आहे, आणि त्यांचं उभं राहणं बारवेच्या इतिहासातून वगळता येत नाही. बौद्ध वस्तीनंही पावत्या फाडल्या होत्या. बैठक दोनदा मोडली. शेवटी आजींच्या नातवानं मजकूर वाचून दाखवला, त्यानंतर विरोध राहिला नाही. यादवकाळ, बांधणी, चार वाटा हे सगळं फलकावर आहे, आणि पाण्याला कुणाला शिवू दिलं जात नव्हतं हेही आहे. महाशिवरात्रीला बारवेत पणत्या लावल्या तेव्हा पहिली पणती आजींनी लावावी, असं अण्णांनीच सुचवलं.

खर्च भागून काही रक्कम उरली. ती ठेवीत टाकली आहे. बारव एकदा साफ करून भागत नाही. दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, सांध्यांत उगवलेली रोपं कोवळी असतानाच उपटावी लागतात. एका मोठ्या कामाला देणगीदार मिळतात, या वर्षानुवर्षांच्या कामाला मिळत नाहीत, म्हणून व्याजाची सोय. ते व्याज पुरत नाही, त्यामुळे थोडी वर्गणी दरवर्षी करावी लागते. यंदाच्या अंदाजपत्रकात गाळाच्या मजुरीखाली आणखी एक ओळ घातली आहे: शेजारच्या तीन गावांतल्या, आमच्या गावातून लग्न होऊन गेलेल्या बायकांच्या नोंदी, त्यांचा रोज आणि एसटीचं भाडं. ग्रामसभेनं ती कुठलीही काटछाट न करता मंजूर केली.