आधी लेन्स, मग कॅमेरा! फोर्टातल्या गल्लीत फिल्मची शॉपिंग

शनिवारी दुपारी मॉलमध्ये तेच तेच टी-शर्ट उलटेपालटे करून कंटाळा आला असेल, तर सेंट्रल किंवा हार्बर, मिळेल ती गाडी पकडा आणि शेवटच्या स्टेशनला उतरा. सीएसएमटीबाहेर येऊन रस्ता ओलांडा, जुन्या कॅपिटॉल सिनेमाच्या बाजूने आत शिरा. दोन मिनिटांत बोरा बाजार. हातगाड्या, झेरॉक्सची दुकानं, लग्नपत्रिकांचे नमुने आणि त्यांच्या मध्ये काचेआड ओळीने बसलेले कॅमेरे! कॅमेऱ्यांसाठी मुंबईभरच्या फोटोग्राफर मंडळींचे पाय इकडेच वळतात.

हा भाग म्हणजे इंग्रजांच्या किल्ल्याची उत्तर बाजू. किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली, नावं तेवढी उरली. आणि फोटोचं वेड या शहराला नवीन नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. तेव्हा आज फिल्म कॅमेरा घेणारी पंचविशीतली पोरं काही जगावेगळं करत नाहीयेत.

पण घ्यायचा कुठला? इथेच सगळे अडतात.

वीस हजार आणि एक चाळ

या वेळी फोर्टात जायला निमित्त होतं ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं. तिच्या आईचं माहेर गिरगावात, चाळीत. दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची, मग पुनर्विकास. आजीने सत्तावन्न वर्षं काढलेली दहा बाय पंधराची खोली, बाहेरची कॉमन गॅलरी, जिन्यातला मिणमिणता दिवा, सगळं जाणार. मैत्रिणीच्या फोनमध्ये चाळीचे शेकड्यांनी फोटो आहेत. ते कुणी बघत नाही, प्रिंट तर त्याहून नाही. तिला मोजके फोटो हवे होते. आजीच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात देता येतील असे. बजेट वीस हजार, रोल आणि धुलाई धरून.

‘‘कॅमेरा मस्त दिसायला हवा हं,’’ ती म्हणाली. तिने इन्स्टावर काँटॅक्स टी२ पाहिला होता. टायटॅनियमची बॉडी, कार्ल झाइसची लेन्स. १९९० सालचा हा छोटा कॅमेरा सेलिब्रिटींच्या हातात दिसायला लागला आणि त्याचे भाव आभाळाला भिडले. ऑलिंपसचा म्यू टू (१९९७) त्या मानाने प्लास्टिकचा, पण लेन्स झकास, ३५ मिलिमीटर एफ २.८, आणि खिशात मावणारा. त्याचीही किंमत चढलीच आहे. शिवाय अशा कॅमेऱ्यांचं सर्किट गेलं की सुटे भाग मिळणं मुश्कील. वीस हजारांचं पेपरवेट!

गंमत अशी, की ज्या कॅमेऱ्यांना कुणी ‘कूल’ म्हणत नाही तेच सगळ्यात जास्त काम करतात. १९९० ते २००५च्या दरम्यानचे ऑटोफोकस एसएलआर. काळे, गुळगुळीत, थोडे डिजिटल कॅमेऱ्यासारखेच दिसणारे. रोल आपोआप भरतात, आपोआप पुढे सरकवतात, उजेड मोजतात, फोकस करतात. जुन्या लोखंडी मॅन्युअल कॅमेऱ्यांचा रोमान्स त्यांच्यात नाही, म्हणून ते अजून आवाक्यात आहेत.

कपाट उघडा!

पहिल्याच दुकानात काउंटरमागच्या काकांनी कॅमेरा दाखवलाच नाही. उलट विचारलं, ‘‘घर में कोई पुराना डिजिटल पड़ा है क्या?’’

पडला होता. भावाचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा कॅनन डीएसएलआर आणि त्यासोबत घेतलेली ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स. काकांचा चेहरा खुलला. कारण कॅननने १९८७ साली ईओएस सिरीज आणली तेव्हा लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती खाच, पूर्ण इलेक्ट्रॉनिक केली आणि फोकसची मोटर लेन्समध्येच टाकली. त्यामुळे २०१५ साली आलेली ईएफ ५० एसटीएम लेन्ससुद्धा १९८७च्या ईओएस ६५० वर बसते आणि फोकसही करते. सही ना? फक्त ‘ईएफ-एस’ लिहिलेली लेन्स नको. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ त्यातलीच, ती फिल्म बॉडीवर बसतच नाही. मिररलेसची ‘आरएफ’ही नाही.

घरात निकॉन असेल तर हिशेब जरा गुंतागुंतीचा. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा. म्हणजे लेन्स बसते, पण चालते का, हे वेगळं विचारावं लागतं. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर फिरवते. एएफ-एसमध्ये मोटर लेन्सच्या आत. एफ८० (२०००) आणि एफ१०० (१९९९) हे दोन्ही प्रकार सांभाळतात. पण अगदी नवीन एएफ-पी लेन्स फिल्म बॉडीवर फोकस करत नाहीत. ‘डीएक्स’ लेन्स बसतात, पण त्या छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या, त्यामुळे फोटोचे कोपरे काळे येऊ शकतात.

मिनोल्टाला विसरू नका. बॉडीतच ऑटोफोकस असलेला पहिला गाजलेला एसएलआर त्यांचाच, १९८५ सालचा ७०००. कॅमेऱ्यांचा धंदा २००६ साली सोनीकडे गेला, पण ए माउंटच्या जुन्या मिनोल्टा लेन्स अजून फिरतात. ५० एफ १.७ दिसली तर हातात घेऊन बघाच.

थोडक्यात फंडा असा. कॅमेरा म्हणजे डबा, चित्र काढते लेन्स. आधी लेन्सचं कुटुंब ठरवा, बॉडी मागाहून.

खोली दहा बाय पंधरा

मैत्रीण खूश झाली. पन्नासची लेन्स आहेच, आता फक्त बॉडी! पण काकांनी तिला भिंतीला टेकून उभं केलं, हातात एक ईओएस दिला आणि दहा फुटांवरच्या कपाटाकडे बघायला सांगितलं.

दहा फुटांवरून ५० मिलिमीटरमध्ये जेमतेम सात फूट रुंदीचा भाग येतो. मग त्यांनी २८ मिलिमीटर लावली. तेवढ्याच अंतरावरून जवळपास तेरा फूट! चाळीच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते. पाठ भिंतीला लागते आणि फोटोत आजी येते, पण मांडणीवरची पितळी भांडी कापली जातात. डीएसएलआरवर तर तीच पन्नासची लेन्स छोट्या सेन्सरमुळे ऐंशीसारखी वागायची. फिल्मवर तिला तिचा मूळचा कोन परत मिळतो, तरीही खोलीला ती पुरत नाही.

दुसरा प्रश्न उजेडाचा. ‘‘झूम घेऊ का? २८-८० मध्ये सगळंच येईल,’’ मैत्रीण म्हणाली. येईल, पण दिवसा, गॅलरीत. स्वस्तातली २८-८० लेन्स ८० वर गेली की तिचं तोंड एफ ५.६ एवढंच उघडतं. एफ १.८ त्याच्या साधारण दहापट उजेड आत घेते. ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० स्पीडचा रोल घातला तर एफ २.८ ला शटर ढोबळमानाने १/३० सेकंद येतं. हातात कॅमेरा स्थिर ठेवायचा साधा नियम म्हणजे लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, शटर निदान तेवढ्याव्या भागाचं. २८ ला १/३० चालून जातं. ५० ला १/६० हवं, ते एफ १.८ वर मिळतं. झूमवर १/१० च्या आसपास अडकता आणि आजीचा चेहरा हलतो. फ्लॅश मारावा, तर खोलीचा जीवच जातो.

म्हणून ठरलं. घरची ५०, सोबत सेकंडहँड ईएफ २८ एफ २.८, आणि बॉडी सगळ्यात साधी: ईओएस ३००, १९९९ सालची. दिसायला खेळण्यासारखी, हातात हलकी, सात फोकस पॉइंट. एक खुबीही आहे. रोल घातला की हा कॅमेरा तो आधीच पूर्ण बाहेर ओढून ठेवतो आणि प्रत्येक फोटोनंतर डबीत परत घेतो. चुकून मागचं झाकण उघडलं तरी काढून झालेले फोटो डबीत सुरक्षित! मैत्रिणीला ईओएस ३० आवडला होता. डोळ्याने बघाल तिथे फोकस करणारा तो, भारीच. पण तो घेतला असता तर २८ राहिली असती. तिने दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. पंधरा मिनिटं आम्ही गल्लीत उभं राहून चहा प्यायलो. मग ती आत गेली आणि २८ घेऊन आली.

पारखून घ्या

सेकंडहँड माल, त्यामुळे डोळे उघडे हवेत. फोर्ट असो, भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार असो की पुण्यातला जुना बाजार, नियम तेच:

- बॅटरी नवी, स्वतःची घेऊन जा. ईओएस ३०० ला सीआर२ दोन, एफ८० ला सीआर१२३ए दोन, एफ१०० ला साधे पेन्सिल सेल चार. ‘‘बॅटरी नाहीये, पण चालू आहे’’ या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका.
- लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्याची कृपा! किंमत कितीही कमी असो, सोडा.
- मागचं झाकण उघडून शटरच्या पट्ट्या बघा. ईओएस ६०० सारख्या जुन्या कॅननमध्ये आतला फोम विरघळून पट्ट्यांवर काळा चिकट डाग येतो. मग शटर अडकतं.
- त्या काळच्या काही निकॉनचं रबर चिकट होतं. दिसायला घाण, पण स्वच्छ करता येतं. यावर भाव पाडता येतो!
- अर्धं बटण दाबून आधी समोरच्या दुकानाच्या पाटीवर, मग हातभर अंतरावरच्या वस्तूवर फोकस करा. गुरगुर करत पुढे-मागे धावत राहिला तर नको.
- घरी आल्यावर कॅमेरा लेदरच्या कव्हरमध्ये कोंबू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. लोणच्याची बरणी जपतो तसं जपायचं.

दुरुस्तीचं काय? याच भागात एका जिन्यावर बसणाऱ्या कारागिरांनी स्पष्ट सांगितलं, ‘‘ताई, मॅन्युअल कॅमेरा मी उघडून परत लावीन. याचं सर्किट गेलं तर दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून काढून घालायचं, नाहीतर राम म्हणायचं.’’ हेच ऑटोफोकस बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करायचं खरं कारण. बॉडी गेली तर तशीच दुसरी घ्या, लेन्स पुढच्या बॉडीवर बसते.

क्लिकला तीस रुपये

खरेदी झाली की बाजारगेटला पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खा आणि गणित करा. एक कलर रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च सहज हजारावर जातो. छत्तीस फोटो. म्हणजे क्लिकला तीस रुपये तरी धरा. लॅबवाल्याला आधीच सांगा, निगेटिव्ह परत हवीत. हल्ली बरेच जण नुसते स्कॅन मागवतात आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहतात. आपल्याकडे उरणारी खरी वस्तू तीच असते!

मैत्रिणीने तीन रोल घेतले, एकशेआठ फोटो. दोन रविवार ती चाळीत होती. प्रिंट आल्या तेव्हा मी बघितल्या. काही गेलेल्या, काही हललेल्या. पण दोन शेजारी ठेवण्यासारख्या होत्या. पन्नासने काढलेल्या फोटोत आजी खिडकीशी, चेहऱ्यावर उन्हाची तिरीप, मागचं सगळं धूसर. अठ्ठावीसने काढलेल्या फोटोत आजी लहानशी, मधोमध. तिच्याभोवती मांडणी, मोरी, कॅलेंडर, दोरीवरचं लुगडं आणि उघड्या दारातून डोकावणारी शेजारची पोरगी.

मैत्रिणीला पहिला आवडला. आजीने दुसरा निवडला. म्हणाली, ‘‘चेहरा काय गं, रोज आरशात बघते. घर कुठे बघायला मिळणार आता?’’ त्या फोटोच्या अकरा प्रती काढल्या. मजल्यावर बिऱ्हाडं अकरा होती.