खेळाची रोजकीर्द

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. दिवसाचा व्यवहार त्याच रात्री रोजकीर्दीत उतरला पाहिजे. ‘उद्या लिहू’ म्हटले की आकडा चुकतो, आणि भागीदारीत चुकलेला आकडा पुढे मने दुखावतो. हा नियम मात्र दुकानापुरताच राहतो. मुले सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर जे खेळतात त्याचीही नोंद असावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील एका खेळाची हकीकत विचार करण्यासारखी आहे.

हा खेळ भूमिका घेऊन खेळण्याचा. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो; तो एक कल्पित प्रदेश उभा करून तेथील गावे, किल्ले, माणसे आणि संकटे यांचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राने काय करावे हे ठरवतो. यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. पण त्यात पैज नसते, आणि कोणी एकटा जिंकत नाही. कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. तिला ‘कॅम्पेन’ म्हणतात.

अशा कथांपैकी एक आद्य कथा १९७१ मध्ये मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत सुरू झाली. तिचे नाव ‘ब्लॅकमूर’ आणि सूत्रधार डेव्ह आर्नेसन. त्यांच्याच मंडळीतील डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र भूमिका दिली होती. आर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली. घराच्या तळघरात मित्र जमत आणि त्यांची पात्रे एका जुन्या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरत.

१९७२ च्या उत्तरार्धात आर्नेसन यांनी हा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे गॅरी गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांनी नियम मागितले. तोवर बरेचसे नियम आर्नेसन यांच्या डोक्यात होते. कागदावर मोजकी टिपणेच होती. त्यांचा आधार घेऊन, स्वतःची मोठी भर घालून, गायगॅक्स यांनी पुस्तक सिद्ध केले. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन लहान पुस्तिका एका पेटीतून बाहेर पडल्या. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती, आणि तीवर दोघांचीही नावे होती.

खेळ जगभर गेला, पण त्या दोघांतील स्नेह टिकला नाही. १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. कज्जा मानधनाचा होता. मात्र कोणती कल्पना कोणाची, हा वाद त्यानंतरही शमला नाही. जे टेबलाभोवती सर्वांनी मिळून घडवले त्याची त्या त्या दिवशीची नोंद तुटपुंजी होती. प्रत्येकाची आठवण प्रामाणिक असू शकते, पण दोन प्रामाणिक आठवणीही एकमेकींशी जुळतातच असे नाही.

१९७७ मध्ये आर्नेसन यांनी ब्लॅकमूरची टिपणे ‘द फर्स्ट फॅन्टसी कॅम्पेन’ या नावाने प्रसिद्ध केली. ती विस्कळीत आहेत. तरी त्या प्रदेशाचे नकाशे आणि माणसे आज माहीत आहेत ती बरीचशी त्यांच्यामुळेच. २०१२ मध्ये जॉन पीटरसन यांनी या खेळांचा विस्तृत इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी वृद्ध झालेल्या खेळाडूंच्या आठवणींपेक्षा त्या काळची पत्रे आणि मंडळांची छोटी वार्तापत्रे यांवर अधिक भर दिला. त्या वेळी क्षुल्लक वाटलेली पाने साक्षीदार ठरली.

नीट ठेवलेल्या टिपणांचे फळही दिसून आले आहे. टाय फ्रँक यांनी अंतराळातील एक कॅम्पेन चालवले होते. त्यात खेळायला आलेले लेखक डॅनियल अब्राहम यांनी त्यांची सविस्तर टिपणे पाहिली आणि त्यांची कादंबरी करण्याचे सुचवले. दोघांनी मिळून, एकाच टोपणनावाने लिहिलेली ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ मध्ये प्रकाशित झाली.

प्रत्येक खेळातून पुस्तक निघावे असे नाही. एक वही मात्र असावी. बैठक संपताच त्याच रात्री तारीख, हजर असलेल्यांची नावे, काय घडले आणि कोणती युक्ती कोणाला सुचली एवढे लिहावे. ही झाली रोजकीर्द. पुढे सवडीने प्रत्येक पात्राला आणि गावाला एकेक पान द्यावे, ही खतावणी. लिहिण्याचे काम पाळीपाळीने करावे आणि पुढच्या बैठकीत आधी ते वाचून दाखवावे. ज्याला वेगळे आठवते त्याने तेथेच सांगावे, म्हणजे मतभेद दहा वर्षे मनात साचत नाही.

पुढे कोणी शिक्षणासाठी गाव सोडतो, कोणी लग्न होऊन दूर जाते, कोणी पेढीवर बसतो, आणि टेबल रिकामे होते. मग कधीतरी दिवाळीच्या सुटीत सारे भेटतात, वही उघडली जाते, आणि जो सर्वांत अबोल होता त्याच्याच युक्तीने त्या दिवशी सगळे वाचले होते, हे त्याच्या नावानिशी वाचायला मिळते. बहुधा तो स्वतःही ते विसरलेला असतो.