लोखंड धुऊन काढताना

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचं कुणाला अप्रूप नाही. फाउंड्रीच्या भट्ट्या, मोल्डिंगची काळी वाळू, टेम्पोत चढणारी कास्टिंग्ज पाहत वाढलेला एक पोरगा रसायनशास्त्र शिकायला पुण्याला गेला, तर तिथेही त्याच्या वाट्याला लोखंडच आलं. फक्त मिलिग्रॅमच्या मापात.

त्याचं काम हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम हटवण्याचं. सेलमध्ये हायड्रोजनचं थोडक्या प्लॅटिनमवर भागतं. अडतं ते ऑक्सिजनपाशी. ऑक्सिजनचं पाणी होण्याची क्रिया संथ, म्हणून महागडा धातू मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, कॅथोडवर, खर्ची पडतो. १९६४ मध्ये संशोधक जासिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिन वापरून ही क्रिया प्लॅटिनमवाचूनही होते, हे दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट असे पर्याय शोधतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांच्या, फ्युएल सेलवर चालणाऱ्या हायड्रोजन मोटारीची चाचणीही तिथेच झाली.

लोखंडाचा पर्याय बनवण्याची कृती ऐकायला सोपी आहे. लोखंडाचा क्षार, नायट्रोजनयुक्त संयुग आणि कार्बन एकत्र करून आर्गॉनमध्ये सुमारे ९०० अंशांवर तापवायचं. लोखंडाचा एकेक अणू चार नायट्रोजनांच्या मधोमध बसतो, रक्तातल्या हीममध्ये असतो तसा. पण सगळ्यांना जागा मिळत नाही. उरलेले गोळा होऊन कण बनतात, आणि इथून खरं काम सुरू होतं. भुकटी गरम आम्लात धुवायची, गाळायची, पुन्हा तापवायची. सुटं लोखंड राहिलं, तर ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिक्रियाशील मूलकं बनवतं आणि ती सेलमधला पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, कुरतडतात.

फाउंड्रीत रस एकजीव झाला नाही, तर कास्टिंग वाया जातं. इथे अणू एकत्र आले की नमुना बाद.

फिरत्या इलेक्ट्रोडवरच्या चाचणीत आलेख देखणा येतो. प्रत्यक्ष सेलमध्ये मात्र या भुकटीचा थर सुमारे १०० मायक्रॉन जाड द्यावा लागतो. प्लॅटिनमला १० पुरतात. जाड थरात पाणी साचतं, ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही. मग तेवढ्याच विजेसाठी सेल वाढवा, म्हणजे मेम्ब्रेन वाढली, प्लेटा वाढल्या. धातूवर वाचलेले पैसे तिथे जातात.

२०१७ मध्ये बॅलार्ड कंपनीने निशिनबो कंपनीच्या कार्बन उत्प्रेरकावर चालणारा फ्युएल सेल जाहीर केला, तो ३० वॉटचा. मोटारीला अनेक किलोवॉट लागतात. त्यामुळे नवा नमुना घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला बेळगावचा तो पोरगा आता किंमत विचारत नाही. शंभर तास चालवल्यावर सेलमधून किती करंट निघतो, तेवढं विचारतो.